हलकं काहीतरी

दिवाळीचा फराळ, पाठोपाठ तुळशीचं लग्न आणि मग माणसांची लग्नं, असा दीड महिना पोटावरून गेला की घरातलं कुणीतरी एका संध्याकाळी सोफ्यावर पाय पसरून जाहीर करतं, "आज जास्त काही करू नकोस. हलकं काहीतरी कर." बोलणाऱ्याला आपण फार समंजस आहोत असं वाटत असतं. बायकोचा एक वेळचा स्वयंपाक वाचवल्याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर पसरलेलं असतं. मग तो 'जास्त काही नको'ची यादी सांगतो. नुसती मुगाची खिचडी. वर साजूक तूप. सोबत कढी. भाजलेला पापड. एखादी कोशिंबीर. "आणि लोणचं असेलच ना?" हलक्या जेवणाला भांडी नेहमीएवढीच लागतात, फक्त कौतुक मिळत नाही. पुरणपोळी केली तर निदान चार माणसं "वा" म्हणतात. खिचडीला कुणी "वन्स मोअर" दिल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

या हुकमाला आमच्या घरी एक पोटकलम आहे आणि ते सासूबाई आतल्या खोलीतून जोडतात. "आणि ते फोनवरून काही मागवू नकोस गं. घरात एवढं भरून ठेवलंय, ते कोण संपवणार?" त्यांचं म्हणणं खरं आहे. हल्ली कोथिंबिरीची जुडी दहा मिनिटांत दारात येते. मात्र स्वतःच्या ओट्याखाली ठेवलेला दलिया सापडायला अर्धा तास लागतो. कोथिंबीर आणणाऱ्या मुलाच्या फोनमध्ये नकाशा असतो. आमच्या स्वयंपाकघराचा नकाशा सासूबाईंच्या डोक्यात आहे, आणि तो त्यांनी दिशांप्रमाणे आखलेला नसून नात्यांप्रमाणे आखलेला आहे.

हे जरा समजावून सांगायला हवं. आमच्याकडचे स्टीलचे डबे लग्नात, मुंजीत, वास्तुशांतीला आलेले. त्या काळच्या रीतीप्रमाणे प्रत्येकावर नाव कोरलेलं आहे. मात्र ते आतल्या डाळीचं नाही, देणाऱ्याचं आहे. त्यामुळे साबुदाणा कुठे आहे असं विचारलं की उत्तर येतं, "मिरजेच्या आत्यांच्यात बघ." हरभऱ्याची डाळ थोरल्या मामांकडे, पोहे बँकेतल्या मंडळींकडे, आणि मोहरी एका अशा बाईंकडे ज्यांना घरातलं कुणीच आता ओळखत नाही. प्लास्टिकच्या बरण्यांचा हिशेब वेगळा. बोर्नव्हिटाच्या बरणीत बोर्नव्हिटा पहिला महिनाभरच असतो. त्यानंतर तिथे राजगिरा येतो, राजगिऱ्यानंतर मेथ्या येतात आणि मेथ्या कायमच्या राहतात. परक्या माणसाला या घरात चहासुद्धा करता येणार नाही. त्या संध्याकाळी मला दलिया हवा होता. तो सापडला एका चुलतकाकांच्या डब्यात. त्यांच्याशी जागेच्या वाटणीवरून बोलणं बंद आहे, म्हणून त्यांचा डबाही सगळ्यात मागे, भिंतीकडे तोंड करून.

एकदा हात मागच्या रांगेपर्यंत गेला की कळतं, की घरात आरोग्यासाठी म्हणून जे जे आणलं ते सगळं तिथेच आहे. पुढच्या रांगेत साखर, मैदा, शेव, बेसन. मागच्या रांगेत ओट्स, किनवा, चिया, जवस. साखर रोज लागते म्हणून हाताशी; आरोग्य कधीतरी लागतं म्हणून लांब. जानेवारीत आणलेले ओट्स फेब्रुवारीत मागे सरकतात. चियाचं तर नवल वाटतं. शेजारीच फालुद्यासाठी आणलेला सब्जा पडून होता. भिजवल्यावर तसाच गिळगिळीत होणारा, शिवाय किमतीत कितीतरी स्वस्त. पण सब्जा गल्लीतल्या किराण्याच्या दुकानात मिळतो, त्याला कोण विचारतं?

जवसाची गोष्ट याहून करुण. मराठवाड्यात, विदर्भात, सोलापूरकडे जवसाची चटणी भाकरीबरोबर पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाते. भाजायचं, लसूण-तिखट-मीठ घालून कुटायचं, वर कच्चं तेल. त्या जवसाला शहरात कुणी हिंग लावून विचारलं नाही. मग तेच इंग्रजी नाव लावून, झिपच्या पाकिटात बसून, ओमेगा-थ्रीचं प्रमाणपत्र घेऊन परत आलं आणि आमच्या ह्यांनी ते मोठ्या भक्तिभावाने विकत घेतलं. रोज सकाळी चमचाभर अख्खे दाणे पाण्याबरोबर घशाखाली. जवसाचं कवच टणक. न चावता गिळलं तर दाणा जसा आत जातो तसाच पुष्कळदा बाहेर पडतो, त्यातल्या ओमेगा-थ्रीला कुणी भेटतही नाही. कुटायचं का, हे खलबत्त्याला विचारायला हवं होतं. आता उरलेल्या पाकिटाची मी चटणी केली आहे आणि ती संपत आली आहे. आरोग्य म्हणून जे महिनोन्‌महिने पडून होतं ते तोंडीलावणं म्हणून आठवड्यात उडालं.

2023 हे साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं. प्रस्ताव भारताचाच होता. त्या वर्षी प्रदर्शनांत, बचतगटांच्या स्टॉलवर, कचेऱ्यांच्या कॅन्टीनमध्ये जिथे तिथे राळा, कोदो, सावा. ज्यांच्या घरी भोगीला राळ्याचा भात होतो त्यांना याचं काही वाटलं नाही. बाकीच्यांनी पाकिटं आणली, पाकिटावर मागे छापलेली पाककृती वाचली आणि ती ठेवून दिली. वर्ष संपलं, पाकिटं राहिली. नाचणी तेवढी टिकून आहे, कारण ती बाळाच्या निमित्ताने घरात आली होती. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दुधापेक्षा कितीतरी जास्त. बाळ आता दाढी करतं, पण नाचणीच्या पिठाची बरणी अजून 'बाळाची' म्हणूनच ओळखली जाते.

कपाटानंतर फ्रिज.

1958 साली गोदरेजने भारतात बनवलेला पहिला फ्रिज बाजारात आणला. त्याआधी आपल्याकडे फडताळ होतं, शिंकं होतं आणि शिंक्याखाली मांजर होतं. उरलेल्या अन्नाचा निकाल रातोरात लावावा लागे, नाहीतर दुसऱ्या दिवशी न्याहारीला. शिळ्या पोळीची फोडणीची पोळी, भाताचा फोडणीचा भात, वाटीभर उरलेल्या भाजी-आमटीचं थालीपीठ. फ्रिज आला आणि निकाल लांबणीवर पडू लागला. अन्न वाया जायचं थांबलं नाही. ते चार दिवस उशिरा वाया जाऊ लागलं, तेही विजेचं बिल भरून. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा 2024 चा अहवाल सांगतो की 2022 साली जगात 105 कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातला 60 टक्के वाटा घराघरांतला होता. भारतीय घरांचा आकडा माणशी वर्षाला सुमारे 55 किलो दिला आहे. 55 किलो हा आकडा मी लग्नानंतर काट्यावर पुन्हा पाहिलेला नाही. आमच्या घरी फेकण्यापेक्षा 'संपवून टाकायची' पद्धत असल्यामुळे ते किलो कचऱ्याच्या गाडीत न जाता आमच्या अंगावर बसलेले आहेत.

तर फ्रिजच्या खालच्या ट्रेमध्ये अर्धा दुधी होता. तो नेहमीच असतो. त्याचं कारण असं, की दुधी आपण सकाळी फिरून परत येताना घेतो. चार किलोमीटर चालून आलेल्या माणसाचं मन निर्मळ झालेलं असतं. त्या भरात दुधी घेतला जातो, पालक घेतला जातो, एखादा तर कारलीसुद्धा घेतो. दुपारपर्यंत मन मूळपदावर येतं आणि दुधी ट्रेमध्ये मुक्कामाला जातो. त्याच्यासोबत मऊ पडलेली गाजरं होती, सुरकुतलेलं आलं होतं, कापून पालथं ठेवलेलं अर्धं लिंबू होतं, आणि पिझ्झाबरोबर आलेल्या ओरेगॅनोच्या पुड्या, ज्या कुणी वापरत नाही आणि कुणी टाकतही नाही. मऊ गाजरांचं फार मनावर घेऊ नये. त्यांच्यातलं फक्त पाणी गेलेलं असतं. गार पाण्यात अर्धा तास ठेवली की ती पुन्हा ताठ होतात. माणसांना हा उपाय लागू पडत नाही, मी करून पाहिला आहे. दुधीचं मात्र मनावर घ्यावं. चिरला की आधी एक फोड चाखावी. कडू लागली तर काटकसर, सासूबाई आणि आयुर्वेद या तिघांपैकी कुणाचंही न ऐकता अख्खा दुधी टाकावा. कडू दुधीतल्या द्रव्यांनी माणसं गंभीर आजारी पडली आहेत, दगावलीही आहेत, आणि त्याबद्दल भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2011 च्या सुमारास लोकांना सावध केलं होतं.

एरवी पदार्थ चांगला आहे की गेला, हे ठरवायची आपली पद्धत पंचायतीची. बरणीचं झाकण उघडायचं आणि ती नाकोनाकी फिरवायची. "वास घेऊन बघा हो." आमचे हे लांबूनच म्हणतात, "मला सर्दी आहे." त्यांना ही सर्दी बरणी दिसली की होते. मुलगा वास घेत नाही, तो तारीख वाचतो. "आई, बेस्ट बिफोर ऑगस्ट." त्यावर सासूबाई म्हणतात, "तारखेला काय कळतंय? द्या इकडे." आणि त्या डोळे मिटून असा दीर्घ श्वास घेतात की पिठाची पातळी खाली गेल्यासारखी वाटते.

या वादात दोघंही थोडे थोडे बरोबर असतात. 'बेस्ट बिफोर' म्हणजे त्या तारखेपर्यंत चव, खमंगपणा, कुरकुरीतपणा शाबूत राहील एवढीच कंपनीची हमी. तारीख उलटली की दुसऱ्या दिवशी ओट्स विष होत नाहीत. 'यूज बाय' किंवा 'एक्स्पायरी' लिहिलेलं असेल तर मात्र हुज्जत घालू नये. घरी दळून आणलेल्या पिठावर तर काहीच लिहिलेलं नसतं, तिथे नाकच खरं. बाजरीचं पीठ या बाबतीत सगळ्यात उतावळं. बाजरीत तेलाचा अंश बराच असतो, दळलं की तो खवट व्हायला लागतो आणि थोड्याच दिवसांत भाकरी कडू लागते. सासूबाईंनी आमच्या बाजरीच्या पिठाला जन्मठेप दिली होती. शेवटी त्यांनीच चिमूट तोंडात टाकली आणि काही न बोलता चूळ भरायला गेल्या.

दोन गोष्टी मी पंचायतीपुढे नेतच नाही. एक भगर. नवरात्राला, महाशिवरात्रीला भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो. ओलाव्याने भगरीला बुरशी धरते, बुरशी विष तयार करते, आणि ते शिजवून जात नाही. म्हणून मागच्या उपासाचं उघडं पाकीट आणि सुटं दळून आणलेलं भगरीचं पीठ, दोन्हींचा वाससुद्धा न घेता रजा द्यावी. दुसरा भात. दुपारचा भात रात्रीपर्यंत ओट्यावर झाकून ठेवायचा आणि मग फोडणी दिली की झालं, हा आपला विश्वास. शिजवूनही टिकणारे काही जंतूंचे बीजाणू भातात असतात, ओट्यावरच्या उबेत ते वाढतात आणि त्यांचं विष फोडणीच्या तडतडण्याला घाबरत नाही. भात उरला की निवताच फ्रिजमध्ये, मग खुशाल दुसऱ्या दिवशी फोडणी.

पंचायतीचा निकाल लागला नाही की घरातून हमखास एक सूचना येते: "टाकायचं कशाला? मावशींना दे." मावशी म्हणजे आमच्याकडे भांडी घासायला येतात त्या. आपण खाणार नाही, पण टाकवतही नाही, अशा वस्तूंना मराठी मध्यमवर्गाने शोधलेली ही पळवाट आहे आणि ती मला कधीच आवडलेली नाही. एकदा माझ्यासमोर हे घडलं. सासूबाईंनी रव्याचा डबा पुढे केला. मावशींनी झाकण उघडलं, बोटाने रवा हलवला. रव्याला जाळी धरलेली होती. "वहिनी," त्या मला म्हणाल्या, "ह्यात पोरंबाळं झाल्यात. टाकून द्या." घरातल्या चार शिकलेल्या माणसांना जे ठरवता आलं नाही ते त्यांनी एका बोटाने ठरवलं. तेव्हापासून आमचं अपिलाचं कोर्ट त्याच आहेत.

आता प्रत्यक्ष स्वयंपाक. कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' 1970 साली आलं आणि 'अंदाजे'वर चाललेल्या आपल्या स्वयंपाकाला वाटी-चमच्याचं माप मिळालं. पण कुठल्याच पाकपुस्तकात 'साहित्य: अबोल्यातल्या काकांचा दलिया अर्धी वाटी, तळाशी उरलेली मूगडाळ, दुधी अर्धा (चाखून)' अशी सुरुवात सापडत नाही. ते माप ज्याचं त्याने काढायचं. मी दलिया चमचाभर तुपावर गुलाबी भाजला. मूगडाळ दोनदा निवडून, तीनदा धुतली. जिरं, हिंग, वाळलेल्या कढीलिंबाचा चुरा आणि किसलेलं आलं यांची फोडणी, त्यात दुधीच्या आणि उठून बसलेल्या गाजराच्या फोडी, मग डाळ-दलिया, हळद, मीठ, चौपट पाणी आणि कुकर. उरलेलं गाजर किसून त्यात दाण्याचा कूट आणि लोणच्याचा खार. खार म्हणजे फोडी संपल्यावर बरणीत राहतो तो मसाला; तो टाकून देणाऱ्याला पाककलेतलं काही कळत नाही. कोकणातून आलेली आमसुलं डब्यात काळी कुळकुळीत होऊन पडली होती. त्यांना काही होत नाही. कोमट पाण्यात भिजत घातली, गूळ, मीठ, मिरची, वर तूप-जिऱ्याची फोडणी, सार झालं. मेतकूट दह्यात कालवलं.

हे सगळं जुनंच आहे. चरकसंहितेत मंड, पेया, विलेपी अशा चढत्या क्रमाने पातळ ते दाट पेजा सांगितल्या आहेत. आजारातून उठणाऱ्याला काय द्यायचं याचा तो जिना. आमच्या आजीच्या घरी तापातून उठलं की आटवल मिळायचं: मूगडाळ-तांदूळ, हिंग, मीठ, बस. आता तेच डिटॉक्स म्हणून काचेच्या वाडग्यात येतं आणि वर पुदिन्याचं एक पान ठेवलेलं असतं, बहुधा पैसे त्या पानाचे.

पानं वाढली. खिचडीवर वाफ, साराचा जांभळट लाल रंग, तेल एकूण चमचाभरही नाही. इतकं निरोगी ताट आमच्या घरात दिवाळीआधीपासून कुणी पाहिलं नव्हतं. मुलगा ताटाकडे बघून म्हणाला, "एवढंच?" सासूबाई म्हणाल्या, "खिचडी नुसती कशी उतरेल? सांडगी मिरची तळ की दोन." सांडग्या मिरच्यांसाठी कढई चढली. कढई चढलीच आहे तर पापड भाजायचे कशाला, असा ह्यांनी मुद्दा काढला. तेल तापलेलं आहेच तर उन्हाळ्यातल्या कुरडया कधी संपवायच्या, असा सासूबाईंनी काढला. आणि मुलाने फराळाच्या डब्यांचा तळ आणला. चिवडा, शेव, चकल्यांचा चुरा. खिचडीवर शेव घातली की छान लागते, हे मला मान्य करावं लागलं. शेवटी वाटीत उरलेला एकच बेसनाचा लाडू "आता तो तरी कशाला ठेवायचा" म्हणून चौघांत वाटला गेला. जेवून उठल्यावर ह्यांनी पोटावरून हात फिरवला आणि म्हणाले, "बरं वाटलं. असं हलकं अधूनमधून करत जा."

किनवाचं राहिलं. त्याला त्या रात्रीही कुणी हात लावला नाही. कोरं पाकीट, तारीख शिल्लक, म्हणून मी ते एका डब्यात ओतून शेजारच्या वहिनींकडे पाठवलं. शेजारून आलेला डबा रिकामा परत करायचा नसतो. त्यांनी दुसऱ्या दिवशी तो भरून पाठवला, ओट्सनी. पाकीट फोडलेलं नव्हतं म्हणतात, तारीख मार्चची आहे. कुणाला हवे असतील तर जरूर या. येताना डबा मात्र आणू नका.